शेंगदाण्याची ॲलर्जी असताना पुण्यात बाहेर जेवायचं कसं?

पोह्यांतले शेंगदाणे निदान डोळ्यांना दिसतात. पुण्यात खरी भीती न दिसणाऱ्या शेंगदाण्याची आहे. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजी मिळून यावी म्हणून कूट, वडापावच्या लाल चटणीत कूट, ठेच्यात भरडलेले दाणे. मराठी स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याइतकाच कुटाचा डबाही हाताशी असतो. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की भाजीत काय काय घातलं हे सांगताना कुटाचं नाव बऱ्याचदा राहूनच जातं.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आम्ही पुण्यातच राहतो. सुट्टीत येण्याआधी परगावचे, परदेशातले नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीची मंडळी मला फोन करून विचारतात, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पुण्यात बाहेर जेवता येतं, चांगलंच जेवता येतं. फक्त मेन्यूकार्ड वाचून ठरवायची सवय सोडून पदार्थ आत कसा बनतो हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. शेंगदाणा हा मूग-मटकीच्या कुळातला, म्हणजे शेंगेतला दाणा. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ते ही झाडावरची फळं. शेंगदाणा सोसत नाही म्हणजे काजूही सोसत नाही असं नसतं, पण काहींना दोन्हींचा त्रास असतो. तुमच्या बाबतीत काय आहे ते डॉक्टरांकडून तपासून घेऊनच या. मस्तानीवर सुकामेवा असतो, पंजाबी ग्रेव्हीत काजू असतो, मसालेभातातही काजू असतो. हे सगळं टाळायचं की नाही, हे हॉटेलात बसून ठरवता येत नाही.

निघण्याआधी: औषध

तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रेनलिन. सिट्रिझिनसारख्या गोळ्यांनी खाज आणि पित्ताच्या गाठी कमी होतात. घसा सुजणं किंवा रक्तदाब कोसळणं त्यांनी थांबत नाही. परदेशातून येणाऱ्यांनी पेनसारखी तयार ऑटोइंजेक्टर इंजेक्शनं निघतानाच दोन घेऊन यावीत. इथल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ती मिळतील असं धरून चालू नका. भारतात राहणाऱ्या बऱ्याच जणांकडे ॲड्रेनलिनची काचेची कुपी आणि सिरिंज असते. ती वापरायची तर किती औषध ओढायचं हे डॉक्टरांनी वजनानुसार कागदावर लिहून दिलेलं हवं आणि त्यांच्यासमोर सराव झालेला हवा. घाबरलेल्या हातांनी कुपी फोडून नेमकं तेवढंच औषध भरणं सोपं नसतं.

औषध पर्समध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीत, कायम अंगाबरोबर ठेवा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तर त्याहून किती तरी जास्त तापतं, त्यामुळे गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. फ्रीजमध्येही ठेवायचं नसतं. विमानासाठी डॉक्टरांचं पत्र बरोबर असू द्या.

तारखा ठरवताना कालनिर्णय उघडा

हा सल्ला ऐकून बाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एकादशी, संकष्टी, श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, नवरात्राचे नऊ दिवस. या दिवसांत पुण्यातल्या खाण्याच्या दुकानांचं रूपच पालटतं. साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडा, भगर आणि दाण्याची आमटी, उपासाचं थालीपीठ, दाण्याचे लाडू. उपासाच्या स्वयंपाकाचा कणाच शेंगदाणा आहे. एरवी जिथे तुम्ही बिनधास्त इडली खाता, तिथेही त्या सकाळी ओट्यावर कुटाची परात असते आणि त्याच हातांनी सगळ्या बशा भरल्या जातात.

अशा दिवशी घरी जेवा, किंवा उपासाचे पदार्थच न करणाऱ्या ठिकाणी जा. कॅम्पातल्या इराणी हॉटेलातला बन-मस्का, ऑम्लेट-पाव किंवा खिमा-पाव अशा वेळी कामी येतो. आषाढी एकादशीच्या साधारण दोन आठवडे आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा रस्तोरस्ती वारकऱ्यांना फराळ वाटला जातो. दर्शनाला जरूर जा. मुलांच्या हातात कुणी प्रेमाने लाडू ठेवला तर तो तोंडात जाण्याआधी तुमच्या हातात आला पाहिजे, हे मुलांना आधीच शिकवून ठेवा.

कुठे जेवायचं ते कसं निवडाल

महाराष्ट्राच्या स्वयंपाकात एक ढोबळ रेघ आहे आणि ती आपल्या फार उपयोगाची आहे. कोकणात रस्सा दाट होतो तो ओल्या नारळानं. घाटावर ते काम शेंगदाणा, तीळ आणि सुकं खोबरं करतात. म्हणून शेंगदाणा चालत नसलेल्या माणसानं पुण्यात मालवणी खानावळीपासून सुरुवात करावी. माशाचं कालवण, रव्यात घोळून तळलेला मासा, भात, सोलकढी. यात शेंगदाणा घालायची रीत नाही. तरी तळणीचं तेल कोणतं आणि कोशिंबिरीत कूट आहे का, हे विचारायचंच.

याच्या अगदी उलट टोकाला सोलापुरी आणि खानदेशी जेवण. सोलापूरची शेंगाचटणी आणि शेंगापोळी प्रसिद्ध आहे, खानदेशी भरितात अख्खे दाणे असतात. दोन्ही प्रांतांचं जेवण मला फार आवडतं, पण तीव्र ॲलर्जी असणाऱ्याला मी तिथे नेणार नाही. तिथे शेंगदाणा एका पदार्थापुरता नसतो, स्वयंपाकघरभर असतो. 'पिठलं-भाकरी' म्हणून पाट्या लावलेल्या ठिकाणी पिठलं स्वतः बहुतेक वेळा बेसनाचंच असतं; धोका ताटात शेजारी येणाऱ्या ठेच्याचा आणि सुक्या चटणीचा. ताटात वाढल्यावर "हे नको" म्हणून उपयोग नाही. ताट येण्याआधीच सांगायचं.

दाक्षिणात्य हॉटेलात इडली, साधा डोसा, सांबार बऱ्यापैकी सोपं जातं. चटणी मात्र विचारल्याशिवाय नको. नारळाच्या चटणीत दाणे वाटून घालणारे असतात आणि आंध्र पद्धतीच्या ठिकाणी तर शेंगदाण्याची चटणी नेहमीचीच. उपम्यात, लेमन राइसमध्ये दाणे असतात. पंजाबी हॉटेलात काजू महाग म्हणून ग्रेव्हीत मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) किंवा शेंगदाणे वाटून घातलेले असू शकतात, तेव्हा काजू चालणाऱ्यांनीही ग्रेव्ही कशाची ते विचारावं. तंदुरी रोटी, साधी डाळ, जिरा राइस यांत अडचण कमी येते.

मिसळ, भेळ आणि गाड्यावरचा वडापाव याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. पहिल्यांदा येणाऱ्यांना माझं उत्तर एकच, ते सोडून द्या. मिसळीचं फरसाण बाहेरून येतं, भेळेच्या गाडीवर सगळ्या पातेल्यांत एकच हात फिरतो आणि वडापाववाल्याकडे कोरड्या चटणीचा चमचा प्रत्येक पावाला लागतो. मन मोडणारं उत्तर आहे, मला कळतं. पण बटाटेवडा आणि मिसळ घरी उत्तम होते, आणि ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांना ती करून घालायला आनंदच होईल.

विचारायचं कसं

"यात शेंगदाणे आहेत का?" हा प्रश्न पुरेसा नाही. कोथरूडमधल्या एका थाळीच्या हॉटेलात वाढप्याने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "नाही ताई, या भाजीत दाणे नाहीत." भाजी चांगली दाट दिसत होती. मी विचारलं, "मग रस्सा मिळून कशानं आलाय?" तो आत गेला आणि आचाऱ्यालाच घेऊन आला. आचारी म्हणाला, "कूट घालतो ना, त्याशिवाय चव कुठली?" वाढप्याच्या डोक्यात दाणे म्हणजे अख्खे दाणे, तो खोटं बोलत नव्हता.

तेव्हापासून मी हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतच नाही. पुढचे विचारते:

– रस्सा कशानं दाट करता?
– फोडणीला आणि तळायला तेल कोणतं?
– वरून काय भुरभुरता?
– चटणी कशाची, घरची की विकतची?
– हा मसाला वाटलेल्या जारमध्ये आणखी काय वाटता?

उत्तर देताना माणूस अडखळला किंवा "काही नसतं हो, बिनधास्त खा" म्हणाला, तर तो पदार्थ सोडा. मला ज्याच्यावर भरवसा वाटतो तो माणूस "थांबा, आत विचारून येतो" म्हणतो.

फोन करायचा तर सकाळी अकराच्या सुमारास करा. मालक किंवा मॅनेजर तेव्हा मोकळे असतात आणि दुपारची गर्दी सुरू व्हायची असते. रविवारी रात्री साडेआठला दारात रांग लागलेली असताना काउंटरवरच्या माणसाला पाच प्रश्न विचारणं त्याच्यावरही अन्याय आहे. आठवड्याच्या मधल्या वारी, जेवणाच्या वेळेच्या जरा आधी पोहोचलं की आचारी बाहेर येऊन बोलतोसुद्धा.

"ॲलर्जी आहे" एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ "आवडत नाही" किंवा "खोकला होतो" एवढाच घेतला जातो. परिणाम सांगा: "एक दाणा जरी पोटात गेला तरी हिचा श्वास अडकतो, ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागतं." चेहरे लगेच बदलतात. पुण्यातल्या अनेक हॉटेलांच्या स्वयंपाकघरात उत्तरेकडून, बंगालमधून, नेपाळमधून आलेली मुलं काम करतात, म्हणून हिंदीतलं एक कार्डही मोठ्या अक्षरांत छापून जवळ ठेवा आणि ते आत पाठवा. आमच्या कार्डावर एवढंच आहे:

"इस बच्ची को मूंगफली से जानलेवा एलर्जी है। मूंगफली, उसका चूरा, उसका तेल, कुछ भी मत डालिए। जिस कढ़ाई, चम्मच या मिक्सी में मूंगफली गई हो, वह भी मत इस्तेमाल कीजिए।"

ॲपवरून मागवताना सूचनांच्या चौकटीत लिहिलेलं आचाऱ्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. तीव्र ॲलर्जी असेल तर अनोळखी ठिकाणाहून ॲपवर मागवू नका. ओळखीच्या हॉटेलाला थेट फोन करून सांगा आणि स्वतः जाऊन घेऊन या.

कढई, झारा, मिक्सरचा जार

पदार्थात शेंगदाणा नसला तरी भांड्यातून येतो. नाश्त्याच्या दुकानात सकाळी कढईजवळ उभं राहून पाहा. साबुदाणा वडा तळताना फुटतो, त्यातले दाण्याचे कण सुटून तळाशी बसतात आणि काळे होतात. मग त्याच तेलात बटाटेवडे पडतात आणि तोच झारा त्यांना बाहेर काढतो. तळल्यानं किंवा भाजल्यानं शेंगदाण्यातली ॲलर्जी आणणारी प्रथिनं नाहीशी होत नाहीत, म्हणून "गरम तेलात काय राहतंय" या म्हणण्याला अर्थ नाही.

इथे आपल्याच रीतीरिवाजांची मदत घेता येते. उपास कडक पाळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी काही दुकानं उपासाची कढई वेगळी ठेवतात, कांदा-लसणाचं तेल तिला लागू देत नाहीत. "उपासाचं तळण वेगळ्या कढईत करता का?" हा प्रश्न त्यांना चटकन कळतो, आणि उत्तर खात्रीचं "हो" असेल तर दुसऱ्या कढईतल्या वड्याचा विचार करता येतो. तसंच जैन जेवण बनवणाऱ्या स्वयंपाकघराला वेगळा चमचा, वेगळं पातेलं ही कल्पना नवीन नसते. "जैन ऑर्डरसारखं सगळं वेगळं काढा, फक्त कांद्याच्या जागी शेंगदाणा समजा," असं मी सांगते. काम होतं.

दाणे वेचून काढून दिलेले पोहे कधीही घेऊ नका. कूट घातलेल्या वाटीतला चमचा दुसऱ्या वाटीत गेला तरी ती वाटी बाद.

तेलाबद्दल. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते बाधत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ती राहतात, आणि घाण्याचं तेल सध्या पुण्यात गल्लोगल्ली मिळतं, काही हॉटेलं तर ते अभिमानानं पाटीवर लिहितात. ताटात बसून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, म्हणून शेंगदाणा तेल म्हटलं की आम्ही उठतो.

पाकिटावरचं वाचताना

भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार बंद पाकिटावर ॲलर्जीकारक घटक वेगळे लिहावे लागतात. त्यात ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, सोयाबीन, सल्फाइट आणि शेंगदाणा व इतर कवचाची फळं येतात. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत, तेव्हा त्यांची ॲलर्जी असेल तर घटकांची सगळी यादी वाचायची. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलसाखळ्यांकडे ॲलर्जीची माहिती मागा. नियमांनुसार ती त्यांच्याकडे असायला हवी.

सुट्या मालाला यातलं काही लागू पडत नाही. बरणीतून काढून तोलून दिलेला चिवडा, फरसाण, लसणाची चटणी, मिठाई घेऊ नका. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारापुरता असतो, शेंगदाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रसाद आणि पाहुणचार

देवळात, गणपतीत, सत्यनारायणाला हातावर प्रसाद येतो. नाकारला की लोकांना वाईट वाटतं. प्रसाद घ्यावा, कपाळाला लावावा आणि घरातल्या मोठ्यांच्या हातात द्यावा. याला कुणी नाव ठेवत नाही. लहान मुलाच्या बाबतीत कागदाच्या पुडीत घ्या आणि नंतर त्याचे हात धुवा.

नातेवाइकांकडे जेवायला जाणं हॉटेलापेक्षा अवघड. काकूंनी मायेनं रांधलेलं असतं आणि "एवढ्याशानं काय होतंय, सवय होईल" असं म्हणणारं एक तरी माणूस असतंच. दोन-तीन दिवस आधी फोन करून बेत विचारा आणि तुम्हीच सोपा बेत सुचवा: वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, पोळ्या, पुरणपोळी किंवा आमरस. कोशिंबीर दह्यातली, बिनकुटाची. स्वयंपाकाआधी मिक्सरचा जार आणि चमचे साबणानं घासायला सांगा. मुलाचं ताट सगळ्यात आधी वाढून घ्या, म्हणजे वाढण्याच्या घाईत चमच्यांची अदलाबदल व्हायच्या आत ते बाजूला निघतं.

त्रास झालाच तर

ओठ किंवा जीभ सुजणं, अंगावर गांधी, आवाज बसणं, सारखा खोकला, श्वासाला घरघर, उलट्या, भोवळ. श्वासाशी किंवा भोवळीशी संबंधित काहीही दिसलं तर वाट पाहू नका. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. घाई असेल तर कपड्यांवरूनही ऑटोइंजेक्टर देता येतो. माणसाला आडवं करा आणि पाय उंच ठेवा; श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. 108 ला फोन करा, 112 हाही क्रमांक चालतो. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरं इंजेक्शन. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो आणि तेव्हा डॉक्टर जवळ हवेत.

ज्या भागात जेवायला जाल तिथून जवळचं, चोवीस तास आपत्कालीन विभाग चालू असलेलं मोठं रुग्णालय आधीच हेरून ठेवा: स्टेशनच्या बाजूला ससून आणि रुबी हॉल, एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर, रास्ता पेठेत केईएम. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळनंतर मध्य पुण्यातले रस्ते वाहनांसाठी बंद होत जातात आणि गर्दीत रुग्णवाहिका अडकते. तीव्र ॲलर्जीच्या माणसाबरोबर पेठांतले गणपती पाहायचे तर घरून जेवून निघा आणि फिरताना बाहेरचं काहीही तोंडात घालू नका.

परतीच्या वाटेवर

मुंबईकडे निघालात की लोणावळ्याची चिक्की आडवी येते. गाडीत खारे दाणे आणि चिक्की विकणारे येतात, शेजारची सीट टरफलांनी भरते. नुसत्या वासानं तीव्र त्रास होणं फार दुर्मीळ आहे. त्रास होतो तो हाताला लागलेलं तोंडात गेल्यानं. बसण्याआधी सीटचा हात आणि समोरचं ट्रे-टेबल ओल्या वाइपनं पुसा. मुलाचे हात खाण्याआधी साबण-पाण्यानं धुवा किंवा वाइपनं पुसा. सॅनिटायझर लावून भागत नाही. त्यानं जंतू मरतात, शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. रेल्वेत साबण असेलच असं नाही, म्हणून कागदी साबणाची डबी पाण्याच्या बाटलीशेजारीच ठेवा आणि डबा घरचा न्या. दहीभात, तूप-साखर-पोळी, केळी. लोणचं घेतलंत तर ते कोणत्या तेलातलं आहे ते तेवढं बघून घ्या.